पाचवं शील आणि सहा थेंब

तीस वर्षं मी मुलींना ब्लाउज बेतायला आणि शिवायला शिकवलं, आणि साठी ओलांडल्यावर मलाच ब्लाउज अंगावर सहन होईनासा झाला. हे ऐकून लोक हसतात. हसू द्यावं. पहिल्यांदा मलाही हसूच आलं होतं.

मागच्या वर्षी मे महिन्यात डाव्या कुशीवर पुरळ उठलं. नागपूरच्या मे महिन्यात अंगावर काहीही उठलं तरी आपण त्याला घामोळ्याच म्हणतो. मी चार दिवस पावडर थापत राहिले. पाचव्या दिवशी पाठीपासून छातीपर्यंत पाण्याच्या फोडांचा पट्टा आला, तेव्हा शेजारीण म्हणाली की ही नागीण आहे आणि हिची दोन टोकं जुळली की माणूस संपला. डॉक्टर म्हणाले, टोकंबिकं काही जुळत नसतात, पण तुम्ही चार दिवस आधी यायला हवं होतं. पदवीधर बाईला घामोळ्या आणि नागीण यांतला फरक कळू नये, याचा त्यांना फार राग आला. मलाही आला, पण तो कुणावर काढणार?

फोड तीन आठवड्यांत वाळले. दुखणं मात्र घरजावयासारखं राहिलं. वरून पाहिलं तर कातडी नितळ, पण कापड टेकलं की चटका बसायचा. पंख्याचा वारा लागला तरी चटका. गोळ्या दिल्या, त्यांनी चक्कर यायची आणि पाय सुजायचे. गोळ्या वाढवल्या तर मी भिंत धरून चालायची वेळ आली. शेवटी माझ्या नवऱ्याचा जुना, ढगळ बनियन उलटा करून, शिवण बाहेरच्या बाजूला येईल असा घालून मी घरात बसू लागले. मौद्याच्या वीजकेंद्रातून फिटर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस मूळचाच कमी बोलणारा. त्यानं आपले सगळे बनियन न सांगता माझ्या कप्प्यात आणून ठेवले.

मी घरात बसले याचं मला तेवढं दुःख नव्हतं. दुःख होतं ते विहाराचं. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, रोज संध्याकाळी बाया जमतात. पांढऱ्या साड्या नेसून चाळीसेक जणी सतरंजीवर बसतात. समोर बसलेली बाई त्रिशरण आणि पंचशिलाची एकेक ओळ म्हणते, बाकीच्या तिच्या मागून म्हणतात. याला आम्ही शील देणं म्हणतो. मग तासभर ग्रंथाचं वाचन. चौदा वर्षं शील देणं आणि वाचणं दोन्ही माझ्याकडे होतं. माझी आई छप्पन साली कामठीहून चालत दीक्षेला आली होती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तिची मुलगी चाळीस बायांपुढे बसून वाचते, याचा मला किती अभिमान होता हे वाचन बंद पडल्यावरच कळलं. गेल्या वर्षीचा वर्षावास माझ्याशिवाय झाला. दुसऱ्या एकीनं वाचलं, बरं वाचलं, आणि ते घरी बसून ऐकताना मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. स्पीकरचा आवाज आमच्या गल्लीपर्यंत येतो.

यंदाचा वर्षावास चुकला तर मी पुन्हा त्या जागेवर बसणार नाही, असं माझ्या मनानं घेतलं होतं. साठीनंतर एकदा सुटलेली जागा परत मिळत नाही. कुणी हिसकावत नाही, पण आपणच मागे सरकतो.

कळमेश्वरला शिवणाचं दुकान चालवणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी जून महिन्यात भेटायला आली. उलट्या बनियनमधली मास्तरीण पाहून तिचे डोळे भरले आणि तिनं सक्करदऱ्याकडच्या एका वैद्यबाईंचा पत्ता लिहून दिला. तिच्या आईला कमरेच्या दुखण्यात त्यांचा गुण आला होता.

वैद्यबाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असतील. त्यांनी तासभर विचारपूस केली. आधीची सगळी कागदपत्रं पाहिली, रक्तदाब घेतला, छातीत धडधड होते का, घरात कुणाला वेडाचे झटके येत होते का, मी स्कूटी चालवते का, सगळं विचारलं. मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, मी तुम्हाला विजयाचा अर्क लिहून देणार आहे. विजया म्हणजे भांग. त्याच झाडाची पानं. हे आत्ताच सांगते, कारण बाहेर कुणी दुसऱ्यानं सांगितलं तर तुम्हाला मी फसवल्यासारखं वाटेल."

मी पर्स उचलली.

"मी भांग घेणाऱ्यांतली बाई नाही," मी म्हटलं.

"घेणाऱ्यांना मी लिहून देतही नाही," त्या म्हणाल्या, आणि पर्सकडे न पाहता पुढे बोलत राहिल्या. हे आयुर्वेदाच्या ग्रंथांतलं औषध आहे, परवाना असलेली कंपनीच ते बनवते, नोंदणी असलेल्या वैद्याच्या चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही आणि मिळायलाही नको. मात्रा थेंबांत. सुरुवात दोन थेंबांनी, दर तिसऱ्या दिवशी एक वाढवायचा, सहाच्या पुढे त्यांना विचारल्याशिवाय जायचं नाही. घेतल्यावर स्कूटी चालवायची नाही. आधीच्या डॉक्टरांना सांगायचं, त्यांच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. "पूर्ण बरं होईल असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "निम्मं झालं तरी आपण खूश राहू."

वर्षभरात भेटलेल्यांपैकी निम्म्याचं बोलणारी ही पहिलीच. बाकीचे एकतर सगळं बरं करणार होते, नाहीतर वयाचं कारण सांगत होते. मी पर्स खाली ठेवली.

त्यांनी माझं नाव, वय, आजार, मात्रा, तारीख, सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली सही आणि नोंदणी क्रमांक. चिठ्ठी त्या कंपनीकडे पाठवणार होत्या, तिकडे ती तपासून मग कुरिअर निघणार. पण मला धीर कुठला. मी परस्पर इतवारीतल्या एका आयुर्वेदिक दुकानात गेले. दुकानदारानं चिठ्ठीवर नजर टाकली आणि म्हणाला, "बाई, हे होळीच्या टायमाले विचारा." मागे उभे असलेले दोघे हसले. तीस वर्षं मी वर्गात मागच्या बाकावरचं हसू ऐकलं आहे, त्याचं काय करायचं हे मला माहीत होतं. मी चिठ्ठी काउंटरवर सपाट केली, नोंदणी क्रमांकावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "चष्मा लावून वाचा, मग हसू." त्यानं खरंच चष्मा लावला. पूर्ण वाचलं. मग अगदी मऊ आवाजात सांगितलं की हे आम्ही ठेवत नाही, ज्यांनी लिहून दिलं त्यांच्याकडूनच मागवा, आणि चिठ्ठी नीट जपून ठेवा. बसायला स्टूलही दिलं. माणूस वाईट नव्हता.

चौथ्या दिवशी कुरिअर आलं. गडद काचेची बोटभर बाटली, झाकणाला ड्रॉपर, आणि लेबलावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना. आमच्या यांनी ते लेबल आधी मनात आणि मग मोठ्यानं वाचलं. बाटलीच्या डब्यात चिठ्ठीची झेरॉक्स घडी करून ठेवली. संध्याकाळी पाच वाजता पोळीचे दोन घास खाऊन मी दोन थेंब जिभेखाली घेतले. गवत चावल्यासारखी कडवट चव. हे समोर खुर्ची टाकून बसले, हातातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

"काय पाहता?" मी विचारलं.

"तू हसून राहिली का रडून राहिली, ते पाहून राहिलो," हे म्हणाले. "वैद्यबाईले सांगा लागंल ना."

मी ना हसले ना रडले. अर्ध्या तासानं तोंड कोरडं पडलं, एवढंच. यांची जरा निराशा झाली असावी.

थेंब वाढत गेले. पाचावर असताना एका संध्याकाळी मी कणीक मळून ठेवली, हात धुतले, आणि साडीच्या पदराला हात पुसताना लक्षात आलं की माझ्या अंगात ब्लाउज आहे. सकाळी अंघोळीनंतर मी तो सवयीनं घातला होता आणि दिवसभरात काढला नव्हता. दुखत होतं, पण लांब कुठे तरी दुखावं तसं. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. वैद्यबाईंना फोन केला तर तोंडातून शब्दच फुटेना. त्यांना वाटलं काही विपरीत झालं. "ब्लाउज," मी म्हटलं, "ब्लाउज घातला." त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग त्याही हसल्या. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. औषधाचे तर आहेतच, पण समोरच्याला खरं सांगून मग ते हातात ठेवण्याचे जास्त.

सहा थेंबांवर मात्रा ठरली आणि आठवड्यानं आषाढी पौर्णिमा आली. मी पांढरी साडी इस्त्री केली. ब्लाउज माझ्याच हातचा, अस्तर सुती. विहारात जाऊन समोरच्या जागेवर बसले. बायांनी मला पाहून जागच्या जागी हात जोडले. एकीनं फुलं आणून दिली. मेणबत्ती लावली, त्रिशरण झालं, शील द्यायला सुरुवात केली. पहिलं दिलं, दुसरं दिलं, तिसरं, चौथं. आणि पाचव्याशी माझी जीभ अडली.

पाचवं शील मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचं आहे. आमच्यासाठी ते नुसतं म्हणायचं शील नव्हे. आमच्या वस्तीत पूर्वी दारूचा गुत्ता होता. तो आम्ही बायांनी उठवला. माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठ्या असलेल्या एका बाई त्यात पुढे होत्या. वस्तीत लहानथोर सगळे त्यांना मावशी म्हणतात. त्यांचा नवरा तेव्हा त्याच गुत्त्यावर पडलेला असायचा. मावशींनी त्याला तिथून हाताला धरून विहारात आणलं, पाचवं शील त्याच्या तोंडून म्हणवून घेतलं, आणि त्यानं ते मरेपर्यंत पाळलं. या गोष्टीवर आमच्या महिला मंडळाची अर्धी भाषणं झाली आहेत. त्यांतली बरीचशी मी केलेली.

आणि आता दीड तासापूर्वी भांगेच्या अर्काचे सहा थेंब घेऊन मी तेच शील चाळीस जणींना देत होते. त्या दिवशी कसंबसं दिलं. पण घरी येताना वाटलं, आपण खोटं बोलून आलो.

तुम्ही म्हणाल, औषधाला कसला दोष. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ते शील भान घालवणाऱ्या नशेविरुद्ध आहे, आजारपणातल्या औषधाला भिक्खूंनाही मनाई नाही, हे मी स्वतः कितीतरी जणींना समजावून सांगितलं आहे. दुसऱ्याच्या खोकल्याच्या औषधाला मी ताबडतोब सूट देत असे. स्वतःवर वेळ आली तेव्हा तोच मुद्दा इतका सोयीचा वाटला की माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

मग मी एक युक्ती केली, आणि ती इतकी बावळट होती की आज सांगतानाही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी मी शेजारी बसलेल्या बाईला म्हटलं, माझा घसा बसलाय, आज शील तू दे. तिनं दिलं. पाचव्या शीलाच्या वेळी मी नुसते ओठ हलवले. आणि मग त्या बसलेल्या घशानं मी पूर्ण तासभर, मागच्या ओळीपर्यंत खणखणीत ऐकू जाईल असं वाचन केलं. वाचनात रमले की मला कशाचं भान राहत नाही. हे असं सलग पाच दिवस. मावशी नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत, भिंतीला न टेकता बसलेल्या.

सहाव्या दिवशी सकाळी त्या घरी आल्या. काठी दाराशी ठेवली, खुर्चीवर बसल्या.

"तुझा घसा शीलापुरताच कसा काय बसते वं?" त्यांनी विचारलं.

मी चहा ठेवायला वळले.

"चाय राहू दे. मले सांग. वाचते त बराबर वाचून राहिली. पाचव्याले आवाज काहून नाई काढत?"

त्यांच्यापुढे मला कधीच खोटं बोलता आलेलं नाही. मी बाटली आणून त्यांच्या हातात दिली. मावशी म्हातारपणी आमच्या साक्षरता वर्गात वाचायला शिकल्या. बाटली डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी एकेक अक्षर लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"भांग आहे, मावशी," मी म्हटलं. "डॉक्टरनी लिहून दिली. नागिणीच्या दुखण्यासाठी."

मावशींनी झाकण घट्ट केलं. बाटली टेबलावर ठेवली, काठी घेतली आणि निघून गेल्या. मी दारापर्यंत गेले, पण त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर मी उलट बोलले असते, माझ्यात तेवढा तोंडाळपणा आहे. न बोलता गेल्या, म्हणून मी बाटली उचलून कपाटात मागे सारली.

त्या संध्याकाळी मी थेंब घेतले नाहीत. विहारात गेले, अवघडून बसले, वाचलं. दुसऱ्या दिवशीही घेतले नाहीत. वाचन अर्ध्यावर असताना कुशीत असे चटके बसू लागले की ओळ सुटली, पान सुटलं. शेजारच्या बाईनं ग्रंथ हातातून घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा उलट्या बनियनमध्ये होते.

यांनी जन्मात पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "तुले कोण म्हणलं बंद कर म्हणून? मावशी म्हणली?"

"नाही."

"मंग?"

यांनी स्वतः फोन लावून वैद्यबाईंशी बोलणं केलं आणि फोन माझ्या कानाला लावला. वैद्यबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, समजूत काढतील. त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या शीलाबद्दल मी बोलणार नाही, ते तुमचं. पण औषध मी लिहून दिलंय. ते चालू ठेवायचं की बंद करायचं हे मला विचारून ठरवायचं, असं आपलं ठरलं होतं. तुम्ही ठरलेलं मोडलंत." हे मात्र मला लागलं. शब्द मोडलेला मला खपत नाही, माझा तर मुळीच नाही. "आज तीन थेंबांपासून पुन्हा सुरू करा," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. तरी संध्याकाळी पाच वाजता बाटली समोर ठेवून मी नुसती बसून राहिले होते.

तेवढ्यात मावशी आल्या. पांढरी साडी नेसून, विहारात जायच्या तयारीनं. त्यांनी माझा अवतार पाहिला आणि समोर बसल्या. यांना म्हणाल्या, "तुमीबी बसा. ऐका."

मग जमिनीकडे पाहत बोलू लागल्या.

"आमचा माणूस तोंडाच्या कॅन्सरनं गेला. तंबाखूचा खर्रा खाऊन खाऊन. ते तुमाले माहीत आहे. पण एक गोष्ट मी कोणाले सांगतली नाई. डाक्टरनं गोळ्या देल्या होत्या. म्हणे दुखणं लय वाढंल, तवा ह्या द्या, यात अफू असते, जपून ठेवा. मी जपूनच ठेवल्या. तांदळाच्या डब्यात. त्याले देल्या नाई."

यांनी खुर्ची जवळ ओढली.

"त्यानं दारू सोडली होती. साऱ्या वस्तीसामने सोडली होती. मी म्हणलं, आता जाता जाता मी याले नशेत जाऊ देत नाई. त्याचं तोंड त बंदच झालं होतं. हातानं मांगे. असा हात करे." त्यांनी हात पुढे करून दाखवला, तळवा वर. "मी म्हणो, शील आहे ना तुमचं, थोडं सहन करा. दहा-अकरा दिवस तो असाच मांगत राहिला. मंग हात करनं बंद केलं. सारे म्हणत, किती शांत गेला."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. त्या रडत नव्हत्या. मी रडत होते.

"परवा तुझी बाटली पायली अन् मले बोलताच नाई आलं. घरी गेली, त्याच्या फोटोसामने बसली. तू समजली असंल मले राग आला. मले राग नाई आला वं, पोरी. तुले बाटली सामने ठेवून बसलेली पायलं ना आता, त तोच दिसला मले." मग नेहमीच्या हुकमी आवाजात म्हणाल्या, "किती थेंब आहेत?"

"सहा. पण आज तीन."

"घे. मी बसली आहे."

मी त्यांच्यासमोर तीन थेंब घेतले. ड्रॉपर यांनी धरला. मावशींनी मोठ्यानं मोजले.

तीन थेंबांनी लगेच काही होणार नव्हतं. ब्लाउज शक्यच नव्हता. मी उलट्या बनियनवरच पांढरी साडी नेसले, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतला आणि मावशींबरोबर निघाले. नवऱ्याचा बनियन घालून विहारात गेलेली आमच्या मंडळाची मी पहिलीच बाई असेन. मला समोर बसवून मावशी उभ्या राहिल्या. त्यांनी भाषण कधीच केलं नव्हतं. भाषणं मी करायचे.

"हिच्या दुखण्यावर औषध आहे ते भांगेचं आहे," त्या म्हणाल्या. "डाक्टरच्या चिठ्ठीचं आहे. हिनं लपवलं, कारण हिले माझा भेव वाटला. माझ्या घरीबी औषध होतं. मी ते आमच्या माणसाले देलं नाई, शीलाच्या नावानं. तो तडफडत गेला. ते शील नोहोतं, ती माझी अकड होती. आता ही शील देईल, आपण घेऊ." एवढं बोलून त्या खाली बसल्या.

कुणाकडे पाहायचं माझं धाडस झालं नाही. मी मेणबत्तीकडे पाहत एकेक शील दिलं. पाचवंही अडलं नाही. चाळीस जणींनी ते मागून म्हटलं. चौदा वर्षं देत आले होते, पण ते शील मीसुद्धा घेते आहे असं मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं. वाचन मी दोनच पानं केलं. पुढचं दुसरीनं वाचलं, आणि या वेळी तिचं वाचन ऐकताना मला खरोखर बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी चहाला आल्या होत्या. दारात एक तरुण बाई येऊन उभी राहिली. तिसऱ्या गल्लीतली सून. मला वाटलं वैद्यबाईंचा पत्ता हवा असेल, आदल्या रात्रीपासून दोघींनी फोन करून तो मागितला होता. तिनं पदराआडून एक कागद काढला.

"मॅडम, आमच्या सासऱ्याले हाडाचा कॅन्सर आहे," ती म्हणाली. "दवाखान्यातून ह्या गोळ्या लिहून देल्या. आणून पंधरा दिवस झाले. सासूबाई देऊ देत नाईत. म्हणतात, माळकऱ्यावानी राहिलेला माणूस आहे, याले अफू काहून द्यायची."

मी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, वर दिलेल्या नंबरावर फोन केला. पलीकडच्या डॉक्टरांना सांगितलं की गोळी अजून सुरूच झालेली नाही, आता कशी द्यायची. ते म्हणाले, लिहिलीय तशीच द्या, पण आत्ता द्या, मी संध्याकाळी पुन्हा फोन करतो. मी फोन ठेवून पाहते तर मावशींनी चहाचा कप खाली ठेवून चपला घातल्या होत्या.

त्या घरात मी त्यांच्या मागून शिरले. म्हातारा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. सासू दारातच आडवी उभी राहिली. मावशींनी तिचा हात धरून तिला आपल्या शेजारी बसवलं आणि तिच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण सासू उठली आणि तिनंच पाण्याचा पेला आणला. गोळी मात्र मावशींनी तिच्या हातून मागून घेतली. "मले देऊ दे," म्हणाल्या. त्यांनी म्हाताऱ्याची मान उचलून धरली, गोळी त्याच्या जिभेवर ठेवली, पाणी पाजलं, आणि तो नीट गिळेपर्यंत त्याच्या हनुवटीखालचा हात काढला नाही.